गेमबॉय ॲडव्हान्सला आयपीएस स्क्रीन बसवली, पहिल्यांदा मॉडिंग करणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

२००३ साली मामा मस्कतहून आला तेव्हा त्याने मला आणि दादाला मिळून एक गेमबॉय ॲडव्हान्स, म्हणजे निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, आणला होता, इंडिगो रंगाचा, आणि त्यावरून आम्ही जेवढे भांडलो तेवढे दुसऱ्या कशावरूनच भांडलो नसू. पण खरं भांडण गेमसाठी नसायचं, खिडकीजवळच्या खुर्चीसाठी असायचं. कारण त्या स्क्रीनला मागून लाइटच नाही. बाहेरचा उजेड स्क्रीनवर पडून परत येतो तेव्हा चित्र दिसतं, म्हणजे संध्याकाळचे साडेसहा वाजले की खेळ संपला. ट्यूबलाइटखाली विशिष्ट कोनात धरून बसायचं, मान दुखायची, आणि कॅसलव्हेनिया सर्कल ऑफ द मूनसारखा गेम लावला तर काळ्यावर काळं, काहीच कळायचं नाही.

तो गेमबॉय या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली आला. आईने ठेवताना सेल काढून ठेवले होते त्यामुळे आतले पत्रे जवळजवळ कोरे, दोन पेन्सिल सेल टाकले आणि तो चालू झाला. तोच आवाज, तेच बटण, आणि तोच अंधार. त्याच रात्री ठरवलं की याला लाइटवाली स्क्रीन बसवायचीच, आणि ती मी स्वतः बसवायची. आधी कधी सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून वायर बोर्डाला जोडणं, केलेलं नव्हतं, कॉम्प्युटरमध्ये रॅम बदलण्यापलीकडे काही उघडलेलं नव्हतं. त्यामुळे हा रिव्ह्यू किटचा आहेच पण ज्यांना मॉडिंग, म्हणजे यंत्रात स्वतःच्या हाताने बदल करणं, सुरू करायचंय आणि कुठून करू कळत नाही त्यांच्यासाठी जास्त आहे, माझं स्पष्ट मत आहे की पहिलं मॉड हेच करावं.

आता किट म्हणजे नक्की काय ते सांगते. मी घेतला तो आयपीएस (मागून लाइट असलेली, कुठल्याही कोनातून नीट दिसणारी एलसीडी स्क्रीन) व्ही-टू प्रकारचा, चीनमधून येतो, वेगवेगळ्या नावाने तीच वस्तू मिळते. आत एक स्क्रीन, तिच्यामागे स्क्रीन चालवणारा छोटा ड्रायव्हर बोर्ड, रिबन केबल, तीन बारीक वायरी आणि थोडे फोमचे तुकडे. मूळ स्क्रीन २.९ इंची, २४० बाय १६० पिक्सेलची. नवीन स्क्रीन बरोबर तिप्पट, ७२० बाय ४८०. हे "बरोबर तिप्पट" फार महत्त्वाचं आहे, कारण जुन्या एका पिक्सेलच्या जागी नव्या स्क्रीनवर तीन बाय तीन असे नऊ पिक्सेल बसतात, काही उरत नाही, म्हणून चित्र ताणल्यासारखं किंवा धुरकट दिसत नाही. अक्षरांच्या कडा एकदम धारदार. मोबाइलवर एम्युलेटरमध्ये स्क्रीन भरायला चित्र ताणलं की कडा विचित्र होतात, इथे तो प्रश्नच येत नाही.

खर्च म्हणाल तर किट, त्याला बसणारी नवी बॉडी, काचेची लेन्स (स्क्रीनवरची समोरची काच) आणि वर कस्टम ड्युटी धरून मला साडेसहा हजारांच्या आसपास पडला. हत्यारं वेगळी, पण ती एकदाच घ्यायची.

हत्यारांसाठी तपकीर गल्लीत गेले. पुण्यातल्यांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते, बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचं जे काही लागतं ते तिथे मिळतं, मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड तसं. गेमबॉयला मागून सात स्क्रू असतात, त्यातला सेलच्या खणातला एक साधा चौफुली आणि बाकी सहा तीन पाकळ्यांचे, ट्रायविंग म्हणतात. हा स्क्रू ड्रायव्हर मोबाइल रिपेअरिंगच्या सेटमध्ये पण असतो पण ते माप फार बारीक, आयफोनच्या आतल्या स्क्रूचं, तो इथे लावला तर फिरतो आणि स्क्रूचं तोंड खाऊन टाकतो. मोठ्या मापाचाच घ्या, आणि घ्यायच्या आधी दुकानातच गेमबॉय काढून लावून बघा, मी तेच केलं.

दुकानातल्या काकांनी गेमबॉय हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि विचारलं, "यात सोल्डर कितपत करायचंय बाळा?" म्हटलं काका फक्त तीन वायरी. तर म्हणाले, "तीनच आहेत म्हणूनच सांगतो, आधी एखाद्या मेलेल्या बोर्डावर दोन दिवस हात बसव, मग याला हात लाव." आणि खरंच त्यांनी भंगारातला रेडिओचा बोर्ड दिला, पैसे घेतले नाहीत. २५ वॅटची सोल्ड्रॉन कंपनीची सोल्डरिंग गन, ६०-४० ची बारीक सोल्डर वायर, फ्लक्सची डबी, डिसोल्डरिंगची तांब्याची वेणी, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणि एक चांगला चिमटा, एवढं घेतलं. टेंपरेचर सेट करता येणारं स्टेशन घेऊ का विचारलं तर काका म्हणाले पुढे घे, आत्ता नको. मला वाटतं त्यांचं बरोबर होतं, तीन वायरींसाठी २५ वॅट पुरते.

तो सल्ला मी ऐकला हे फार बरं झालं. आमचे आजोबा सोल्डरिंगला डाख लावणं म्हणायचे, त्यांनी तांब्यापितळेच्या भांड्यांना डाख लावणारे कारागीर बघितलेले, आणि ते सांगायचे की भांडं तापल्याशिवाय डाख धरत नाही. दोन दिवस रेडिओच्या बोर्डावर बसल्यावर मला त्याचा अर्थ कळला. सुरुवातीला मी गनच्या टोकावर सोल्डर वितळवून तो थेंब बोर्डावर ठेवायचे, तो गोळीसारखा वर बसायचा आणि वायर ओढली की निघून यायचा. सोल्डर जाते तिकडे जिकडे गरम आहे. म्हणजे गनचं टोक वायरला आणि बोर्डावरच्या टिकलीला एकदम टेकवायचं, दोन्ही तापू द्यायचं, मग सोल्डर तिथे टेकवायची, ती आपोआप पसरते. फ्लक्स का लावायचा तर धातूवर हवेने जो थर चढलेला असतो तो तो साफ करतो, नाहीतर सोल्डर धरतच नाही. जमलेला जोड चमकदार आणि पसरलेला दिसतो, न जमलेला मळकट आणि गोल. आणि सगळं दोन-तीन सेकंदात, जास्त वेळ टेकवून ठेवलं तर ती तांब्याची टिकलीच बोर्डावरून सुटते, रेडिओच्या बोर्डावर माझ्या चार सुटल्या. त्या चार गेमबॉयवर सुटल्या असत्या तर?

खिडकी उघडी ठेवा, पंखा धुराच्या दिशेने नको, बाहेर ओढेल असा ठेवा, आणि या सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. घरात लहान मुलं असतील तर हे टेबल वेगळंच ठेवा.

आता मूळ काम. आणि इथे या किटची सगळ्यात चांगली गोष्ट येते, स्क्रीन बसवायला सोल्डर लागतच नाही. सात स्क्रू काढले, मागची बॉडी उचलली (वरच्या कोपऱ्यांतली एल आणि आर बटणं सुटी होऊन पडतात, ताटात ठेवून उघडा), आतले बोर्डाचे तीन स्क्रू काढले, जुन्या स्क्रीनची रिबन जिथे जाते त्या कनेक्टरचं कुलूप दोन्ही बाजूंनी नखाने हळू सरकवलं, रिबन सुटली. गेमबॉय ॲडव्हान्सचे बोर्ड दोन प्रकारचे आहेत, एकाच्या कनेक्टरला ३२ पिना आणि दुसऱ्याला ४०, माझा ४० चा निघाला. किटमध्ये दोन्हींची सोय होती त्यामुळे अडलं नाही, पण विकत घेताना हे विचारूनच घ्या. नवी रिबन घातली, कुलूप लावलं, सेल टाकले आणि बॉडी न लावता तसंच टेबलावर चालू केलं.

आणि दिसलं हो! रात्रीचे अकरा, खोलीतला दिवा बंद केला मुद्दाम, आणि तरी दिसत होतं. दादाला व्हिडिओ कॉल लावला, तो नागपूरला असतो, त्याने बघितलं आणि पहिलं वाक्य काय तर, "म्हणजे आता खिडकी कुणाचीच नको."

हे बॉडी बंद करायच्या आधी चालू करून बघणं कधीही चुकवू नका. मागच्या बोर्डाला ड्रायव्हर बोर्ड टेकून शॉर्ट होऊ नये म्हणून मध्ये टेप लागते, मोबाइलवाले वापरतात ती चॉकलेटी हीट टेप, किटमध्ये होती पण तोकडी, मी अजून एक पट्टी लावली.

बॉडीबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथेच नवीन माणूस फसतो. नवी स्क्रीन जुनीपेक्षा मोठी आहे, त्यामुळे मूळ बॉडीत बसवायची तर आतलं प्लास्टिक निपरने कापायचं, कानसने घासायचं, खूप नाजूक काम आहे आणि एकदा कापलं की कापलं. मामाने आणलेली बॉडी कापायची माझी तयारी नव्हती. म्हणून आयपीएससाठी आधीच जागा ठेवलेली नवी बॉडी घेतली, तिच्यात काहीही कापावं लागत नाही. पहिलं मॉड करताना मूळ वस्तू जशीच्या तशी परत करता येईल असंच काम निवडावं असं माझं ठाम मत झालंय, मूळ स्क्रीन मूळ बॉडी सगळं नीट ठेवलेलं असलं की मन शांत राहतं आणि शांत मनाने हात थरथरत नाही.

नव्या बॉडीत मात्र दोन तक्रारी आहेत. एक, तिच्यासोबत आलेली बटणं आणि त्याखालचे रबर कडक आहेत, दाबल्यावर अंगठ्याला जुनं सुख नाही. मी जुन्या गेमबॉयचेच रबर आणि बटणं काढून साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून बसवली, जमीन-अस्मानाचा फरक पडला. दोन, स्क्रूच्या भोकांना आट्या पाडलेल्या नसतात, स्क्रू स्वतःच आट्या पाडत आत जातो, त्यामुळे एकदम आवळायला गेलं की प्लास्टिक चिरतं. अर्धा फेरा आत, पाव फेरा मागे, असं हळूहळू. आणि परत कधी उघडलं तर लावताना आधी स्क्रू उलटा फिरवायचा, टक असं जाणवलं की जुन्या आटीत बसला, मग आवळायचा.

धूळ हा तिसरा शत्रू. लेन्स आणि स्क्रीनच्या मध्ये एक कण राहिला तरी चालू केल्यावर तोच दिसत राहतो. मी न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ करून, हवेतली धूळ खाली बसल्यावर, बंद दाराआड ते काम केलं, पंखा नाही काही नाही. तरी एक केसासारखा तंतू राहिलाच, परत उघडलं, परत लावलं. लेन्स आणि स्क्रीन आधीच चिकटवून येते असा लॅमिनेटेड किट पण मिळतो, थोडा महाग आहे पण हा त्रास वाचतो, आज घ्यायचा असता तर मी तोच घेतला असता.

तीन वायरींचं काम मी सगळ्यात शेवटी केलं. त्या न लावताही स्क्रीन चालते, फक्त ब्राइटनेस गेमबॉयच्या बटणांनी कमी-जास्त करता येत नाही. बोर्डावर टेस्ट पॉइंट (टीपी, वायर जोडायच्या टिकल्या) लिहिलेले असतात, सिलेक्टची वायर टीपी २ ला, आरची टीपी ८ ला आणि एलची टीपी ९ ला. तिन्ही वायरींच्या टोकांना आधी सोल्डर चढवून घेतली, टिकल्यांवर फ्लक्स लावला, आणि एकेक करून टेकवल्या. तिसरी लागली तेव्हा मी श्वास धरून बसले होते हे मला नंतर कळलं. आता सिलेक्ट दाबून धरायचं आणि एल किंवा आर दाबायचं, उजेड कमी किंवा जास्त. किटसोबतचा सूचनांचा कागद चिनीमध्ये आणि फोटो नखाएवढा, हा या किटचा मोठा दोष, पहिल्यांदा करणाऱ्याला त्या कागदावरून काही कळणार नाही.

मग आली खरी अडचण. सगळं बंद करून, स्क्रू लावून, झोपायच्या आधी खेळायला बसले आणि ब्राइटनेस पूर्ण वाढवला की गेमबॉय आपोआप बंद होऊन परत चालू. नवे सेल घातलेले असून पण पॉवरचा दिवा हिरव्याचा लाल. मी किटला दोष देत दोन दिवस काढले, आपला डाख कच्चा राहिला का म्हणून परत उघडून बघितलं, सगळं ठीक. तपकीर गल्लीतल्या काकांना फोन केला तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "स्विच किती वर्षांचा आहे?"

वीस वर्षांचा. त्याच्या आतले पत्रे काळे पडलेले. जुनी स्क्रीन करंट फार कमी ओढायची त्यामुळे त्या काळ्या थरातूनही तिचं भागत होतं, नवी स्क्रीन लाइटसकट बराच जास्त ओढते, आणि मग त्या मळकट स्विचमध्येच व्होल्टेज पडतं, बोर्डाला वाटतं सेल संपले. दोन सेल म्हणजे मुळात तीनच व्होल्ट, त्यात स्विचने थोडं जरी खाल्लं तरी फरक पडतो. अल्कोहोलचे तीन-चार थेंब स्विचमध्ये सोडले, चाळीस-पन्नास वेळा चालू-बंद चालू-बंद केला, परत थेंब, परत तेच, मग रात्रभर वाळू दिला. सेलच्या पत्र्यांवरचा हलका पांढरा थर कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून काढला आणि वरून अल्कोहोलने पुसला. त्यानंतर आजपर्यंत एकदाही बंद पडलेला नाही. म्हणून सांगते, किट मागवलं की ते येईपर्यंत स्विच, सेलचे पत्रे आणि कॅसेटचा खाचा, हे तिन्ही साफ करून ठेवा, किट खराब आहे असं ठरवून परत पाठवायच्या आधी तरी नक्कीच.

सेल किती टिकतात? मूळ गेमबॉय दोन सेलवर साधारण पंधरा तास चालायचा. आता मला मधल्या ब्राइटनेसवर सात-आठ तास मिळतात, रिचार्जेबल सेल वापरते त्यामुळे चिंता नाही. आवाज पूर्ण वाढवला तर स्पीकरमधून अगदी बारीक सुई फिरल्यासारखी सुंई ऐकू येते, ब्राइटनेस बदलला की तिचा सूर बदलतो, म्हणजे ती लाइटच्या सर्किटमधूनच येतेय. गेमचं संगीत चालू असताना कळत नाही, हेडफोनवर शांत जागी कळते. हे खपवून घ्यावं लागतं.

एक गंमत वाचनात आली ती सांगायलाच हवी. गेमबॉय ॲडव्हान्स २००१ साली आला आणि २००२ मध्येच ट्रायटन लॅब्जने आफ्टरबर्नर नावाचं किट काढलं होतं, समोरून लाइट पाडणारं, त्यासाठी लोकांनी बॉडी घासली, वायरी जोडल्या, आणि ते पण पहिल्यांदाच हात लावणारे लोक होते. निन्टेंडोने स्वतः लाइटवाला गेमबॉय ॲडव्हान्स एसपी २००३ मध्ये आणला. म्हणजे आपण खिडकीसाठी भांडत होतो त्याच वर्षी. आम्हाला माहीतच नव्हतं.

ज्यांना सोल्डरला हात लावायचाच नाही त्यांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटपासून सुरुवात केली तरी चालेल, माझ्या ऑफिसातल्या एकाने जुन्या पत्र्याच्या कॅबिनेटला जिगसॉने खिडकी कापून तीन एमएमची ॲक्रेलिक शीट बसवली, कडांना रबराची पट्टी, सुंदर झालंय. पण कापायच्या आधी आतलं सगळं सामान बाहेर काढा, लोखंडाचा कीस मदरबोर्डवर पडला तर शॉर्ट होतो. आणि लाइटच्या पट्ट्या लावताना नीट बघा, चार पिनांचा साधा आरजीबी १२ व्होल्टवर चालतो आणि तीन पिनांचा ए-आरजीबी ५ व्होल्टवर, ५ ची पट्टी १२ ला लावली की जळाली. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, मात्र कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. गेमबॉयचं बरं हेच आहे की दोन सेलचे तीन व्होल्ट, चुकलात तर वस्तू बिघडेल, तुम्हाला काही होणार नाही.

गेल्या महिन्यात मामा आला होता, आता तो रत्नागिरीलाच असतो. त्याला दाखवला तर चष्मा काढून जवळ घेऊन बघत बसला, मग म्हणाला चल गच्चीवर. दुपारचे बारा, कडक ऊन. आणि तिथे नवी स्क्रीन फिकट पडली, ब्राइटनेस पूर्ण करूनही हाताची सावली करावी लागत होती. जुनी स्क्रीन उन्हातच सगळ्यात छान दिसायची, तिचं सगळं सुखच उन्हात होतं. मामाने विचारलं, "ती जुनी टाकली नाहीस ना?" टाकली नाही मामा, पेढ्याच्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवलीय, रिबनसकट, जांभळ्या बॉडीबरोबर. त्याला हवी असेल तर सात स्क्रू आणि एक रिबन, अर्ध्या तासात परत बसवून देते.